विश्लेषण : दीड दिवसाची शाळा आणि पस्तीस कादंबऱ्या... १ ऑगस्टच्या फलकांवरचे अण्णा भाऊ साठे नेमके कोण होते?

पालघर जिल्हा अस्तित्वात आला १ ऑगस्ट २०१४ रोजी. त्यामुळे दर वर्षी या तारखेला आपल्याकडे फलकांची गर्दी असते. एका बाजूला जिल्ह्याचा वर्धापन दिन, दुसऱ्या बाजूला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि तिसऱ्या बाजूला लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांची जयंती. योगायोग असा की टिळक गेले तो दिवस आणि अण्णा भाऊ जन्मले तो दिवस एकच : १ ऑगस्ट १९२०.

फलकावरचा चेहरा बहुतेकांना ओळखू येतो. बरोबरची माहितीही ठरलेली असते. शाळा फक्त दीड दिवस, तरीही मोठे साहित्यिक. माहिती खरी आहे. पण ती इतक्या वेळा सांगितली जाते की अण्णा भाऊ म्हणजे एक चमत्कार, असेच वाटू लागते. चमत्काराला हात जोडले की पुढे वाचायची गरज उरत नाही. प्रत्यक्षात हा माणूस कवी, कादंबरीकार, नाटककार, पटकथालेखक होता आणि या प्रत्येक कामाची त्याची स्वतःची पद्धत होती. ती पद्धत समजून घेतली, तर तारापूर एमआयडीसीत पाळी करून खोलीवर परतणाऱ्या माणसालाही हे लेखन आपले वाटेल.

जन्मालाच गुन्हेगार?

वाटेगाव हे वाळवा तालुक्यातले गाव. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. तिथल्या मांगवाड्यात भाऊराव आणि वालुबाई साठे यांच्या घरी मुलगा झाला, त्याचे नाव तुकाराम. अण्णा भाऊ हे नाव नंतरचे. मातंग समाजाकडे परंपरेने दोर वळणे, केरसुण्या बांधणे, हलगी वाजवणे, गावाची राखण करणे अशी कामे होती. जमीन जवळपास नाही, शिवाशिव मात्र पुरेपूर.

यावर आणखी एक ओझे होते, ते कायद्याचे. ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११ च्या सुधारित कायद्यानंतर त्याची झळ मुंबई इलाख्यालाही बसली. या कायद्याची कल्पना आज वाचतानाही विचित्र वाटते. माणसाने काय केले हे न पाहता तो कोणत्या जमातीत जन्मला, यावरून त्याच्यावर पाळत. ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही, गावात चोरी झाली की पहिला संशय यांच्यावर. हा कायदा रद्द व्हायला स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षे गेली. साल १९५२.

अण्णा भाऊंच्या सगळ्या लेखनाचा पाया इथे आहे. ज्या समाजाला कायद्यानेच चोर ठरवले, त्या समाजातला माणूस नायक म्हणून कसा उभा करायचा, हा प्रश्न ते शेवटपर्यंत सोडवत राहिले.

शाळेचे म्हणाल तर ती खरोखर दीड दिवस झाली. जातीमुळे मिळणारी वागणूक आणि गुरुजींचा मार, एवढ्यावर ती संपली. पण शिक्षण संपले नाही. दांडपट्टा, पोवाडे, लावण्या, जत्रेतले तमाशे, आजूबाजूच्या बंडखोरांच्या गोष्टी हे सगळे मुलाने कानाने आणि डोळ्याने शिकून घेतले. नात्यातल्या बापू साठे यांचा तमाशाचा फड होता, पुढे त्यात त्यांनी कामही केले. चार वर्षे इंजिनीअरिंग करून त्यातले किती शिल्लक राहिले याचा हिशेब मी घालत नाही. पण वगाची रचना तोंडपाठ असणे, शेकडो ओळी स्मरणात ठेवून समोरच्या गर्दीप्रमाणे त्या बदलणे, याला अशिक्षितपणा म्हणायला माझी जीभ धजत नाही.

वाटेगाव ते भायखळा, पायी

वडील मुंबईत साहेबांच्या बंगल्यावर माळीकाम करत. गावात पोट भरेना, म्हणून १९३१ मध्ये सगळे कुटुंब मुंबईला निघाले. गाडीभाड्याला पैसे नव्हते, म्हणून चालत. अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर. पालघर ते चर्चगेट सुमारे नव्वद किलोमीटर धरले, तर त्याच्या जवळजवळ चौपट. वाटेत मिळेल ते काम करायचे, चार पैसे आले की पुढे सरकायचे. मुलाचे वय तेव्हा अकराच्या आसपास.

२०२० च्या टाळेबंदीत बोईसर-पालघर भागातून डोक्यावर बोचकी घेऊन महामार्गाने निघालेली कुटुंबे आपण पाहिली. फरक एवढाच की ती शहराकडून गावाकडे चालली होती.

मुंबईत भायखळ्याच्या चांदबीबी चाळीत आसरा मिळाला. मग कामांची रांग. हमाली, फेरीवाल्याचे गाठोडे वाहणे, हॉटेलात पोऱ्या, घरगडी, कोळसे वेचणे, बूट पॉलिश, सिनेमा थिएटरच्या दारावर उभे राहणे, गिरणीत कामगार. अक्षरओळख याच काळात झाली आणि तिचे पाठ्यपुस्तक म्हणजे दुकानांवरच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टर. एकेक अक्षर जुळवत हा मुलगा वाचायला शिकला.

कामगारांच्या सभा, लाल बावट्याचे मोर्चे यांची ओळखही मुंबईनेच करून दिली. माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये राहायला गेल्यावर ते कम्युनिस्ट कार्यकर्त्यांत मिसळले. त्यांच्या सुरुवातीच्या रचनांपैकी एक, बहुधा सगळ्यात गाजलेली, कशावर होती? तर लेबर कॅम्पातल्या डासांवर. ना देशभक्ती, ना प्रेम, थेट डास. ज्या वस्तीत गटार उघडे आणि रात्री झोप नाही, तिथल्या लोकांना ते गाणे लगेच कळले. ऐकणाऱ्याच्या अंगाला रोज चावणारा विषय घ्यायचा, ही सवय त्यांनी पुढे कधी सोडली नाही.

स्टालिनग्राड मराठीत कसे आले?

दुसऱ्या महायुद्धात स्टालिनग्राडची लढाई ऑगस्ट १९४२ ते फेब्रुवारी १९४३ अशी चालली. हिटलरच्या फौजा तिथे अडल्या आणि युद्धाचे पारडे फिरले. हजारो किलोमीटर दूरच्या या लढाईवर अण्णा भाऊंनी १९४३ मध्ये पोवाडा रचला. शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांसाठी वापरला जाणारा छंद, तीच डफ-तुणतुण्याची साथ, पण तट लढवणारे मावळ्यांऐवजी रशियन कामगार. परळ-लालबागच्या गिरणगावाला हे युद्ध वर्तमानपत्रातून जितके कळले नसेल, तितके या पोवाड्यातून कळले.

त्याच सुमारास बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. त्यावरही त्यांनी रचना केली. १९४४ मध्ये शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. बार्शीचे अमर शेख पहाडी आवाजाचे, गवाणकर स्वतः शाहीर आणि अण्णा भाऊ लेखणीचे धनी. मराठी शाहिरीत असे त्रिकूट पुन्हा जमले नाही, असे मला वाटते.

आता जरा आपल्या भागाकडे. लाल बावटा मुंबईत गाणी गात होता, त्याच काळात तो डहाणू-उंबरगावच्या जंगलपट्टीतही आला. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिला या भागातले काही वारली गेले होते. तिथून परतल्यावर मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावात मोठी सभा झाली. वेठबिगार करायची नाही, रोज किमान बारा आणे मजुरीशिवाय काम नाही, असे ठरले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला पोलिसांनी जमावावर गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी उभा केलेला हा लढा आणि अण्णा भाऊंचे कलापथक, दोन्ही एकाच पक्षाची, एकाच वर्षांतली कामे. एकीकडे मजुरीचा दर, दुसरीकडे त्या मजुरीवर गाणे.

तमाशावर बंदी आली तेव्हा

त्यांच्या कामाचा सर्वांत रंजक आणि कमी सांगितला जाणारा भाग हा आहे.

पारंपरिक तमाशाची चौकट ठरलेली असते. सुरुवातीला गण, म्हणजे गणपतीला वंदन. मग गौळण, म्हणजे कृष्ण, पेंद्या, मावशी आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी. त्यानंतर बतावणी आणि शेवटी वग, म्हणजे मुख्य गोष्ट. मध्यमवर्गाच्या लेखी हा सगळा प्रकार फुकट आणि अश्लील. तो सादर करणारे बहुतेक महार, मांग, कोल्हाटी, गोपाळ अशा समाजांतले.

अण्णा भाऊंनी ही चौकट मोडली नाही. आतले सामान बदलले. गणात गणपतीऐवजी मातृभूमीला, हुतात्म्यांना, राबणाऱ्या हातांना वंदन आले. गौळण बाजूला पडली. राजा, प्रधान यांच्या जागी सावकार, शेठ, पुढारी, मंत्री आले. सर्वांत मोठा बदल सोंगाड्यात झाला. जुन्या वगात हसवण्यापुरता असलेला हा गडी आता प्रश्न विचारू लागला. भोळेपणाचा आव आणून तो असा काही सवाल टाकतो की समोरचा शेठ किंवा पुढारी स्वतःच्याच बोलण्यात अडकतो. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजीचं इलेक्शन’, ‘बेकायदेशीर’, ‘पुढारी मिळाला’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’ ही नावे वाचली तरी विषयांचा अंदाज येतो. यातली काही नावे आजच्या बातमीला मथळा म्हणून चालतील.

स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. कारण अश्लीलतेचे दिले गेले. त्याच काळात कम्युनिस्ट पक्षावर सरकारची करडी नजर होती आणि लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवरही बंदी आली. मग अण्णा भाऊंनी आपल्या प्रयोगांना नवे नाव दिले : लोकनाट्य. बंदी तमाशाला आहे ना, मग हा तमाशा नाहीच. पळवाट म्हणून आलेला हा शब्द पुढे इतका रुळला की आज विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात तो मानाने बसला आहे आणि तो पोलिसांना चुकवताना रूढ झाला, हे अनेकांना ठाऊकही नसते.

१९४९ मध्ये इप्टा या देशपातळीवरच्या नाट्यसंघटनेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. बलराज साहनी, ख्वाजा अहमद अब्बास ज्या संघटनेत होते, तिच्या अध्यक्षपदी लेबर कॅम्पातला शाहीर.

‘माझी मैना’ आणि आपला उंबरगाव

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या ज्या रचनेने कहर केला ती ‘माझी मैना’ ही छक्कड. वरवर ते विरहाचे गाणे आहे. पोटासाठी मुंबईला आलेला नवरा गावाकडे राहिलेल्या बायकोची आठवण काढतो. तिचे रूप, निरोपाची वेळ, मुंबईतली फरफट असे सगळे येते. ऐकणारा गिरणी कामगार स्वतःची गोष्ट म्हणून डोळे पुसू लागतो आणि मग गाणे वळण घेते. मागे राहिलेली ती मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर ठेवला गेलेला मराठी मुलूख, बेळगाव-कारवार-निपाणीचा. घरचे दुःख आणि राजकीय मागणी एकाच धाग्यात. या चळवळीत शंभरहून अधिक माणसे गोळीबारात मेली, भाषणे तर अगणित झाली. पण सत्तर वर्षांनंतरही लोकांच्या ओठावर आहे ते हे गाणे.

बेळगावचा प्रश्न सगळ्यांना माहीत असतो. आपल्या उत्तर टोकालाही अशीच एक रेघ ओढली गेली, ते फारसे आठवले जात नाही. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला. जी गावे इकडे राहिली, त्यांचा आजचा तलासरी तालुका. एकाच पाड्यातली सोयरीक दोन राज्यांत विभागली गेली. झरीच्या सभेला जिथून माणसे आली होती, त्यातली काही गावे आता पलीकडच्या राज्यात आहेत.

‘फकिरा’मध्ये असे काय आहे?

१९५९ मध्ये ‘फकिरा’ ही कादंबरी आली. प्रस्तावना वि. स. खांडेकरांची, अर्पणपत्रिका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला.

फकिरा हा काल्पनिक नाही. अण्णा भाऊंच्या आईच्या नात्यातला हा बंडखोर. असे सांगतात की अण्णा भाऊंचा जन्म झाला तेव्हा फकिराने सरकारी खजिना लुटून आणला होता आणि त्यातले ओंजळभर रुपये बाळंतिणीच्या खर्चाला दिले. पुढे हाच मुलगा त्या लुटारूची कादंबरी लिहिणार होता.

गोष्ट सुरू होते ती फकिराच्या बापापासून, राणोजीपासून. गावाला बरकत यावी म्हणून तो शेजारच्या गावची जोगणी पळवून आणतो आणि त्यात जिवाला मुकतो. गावासाठी मांगाचे रक्त सांडते, तेव्हा त्याची जात आड येत नाही. नंतर दुष्काळ पडतो, मांगवाडा-महारवाड्यात माणसे भुकेने मरू लागतात आणि फकिरा धान्याने भरलेला वाडा फोडतो. धान्य वाटले जाते. मग इंग्रजांचा खजिना लुटला जातो. हजेरीचा जाच, पोलिसांचा ससेमिरा, डोंगरातले दिवस, गबऱ्या नावाचा घोडा असे सगळे वेगाने घडत जाते. शेवटी सरकार फकिराला पकडू शकत नाही, म्हणून त्याच्या माणसांना, बायका-मुलांसह, कोंडून ठेवते. त्यांच्यासाठी फकिरा स्वतः हजर होतो. पुढे फाशी.

एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. कादंबरीत सगळे सवर्ण वाईट आणि सगळे दलित चांगले, अशी सरळ वाटणी नाही. गावचे विष्णुपंत कुलकर्णी हे मांगांच्या पाठीशी उभे राहणारे पात्र आहे. भांडण आहे ते उपाशी ठेवणाऱ्या व्यवस्थेशी आणि जन्मावरून गुन्हेगार ठरवणाऱ्या कायद्याशी. सरकारी कागदावर जो दरोडेखोर, तो कादंबरीत लोकांचा पोशिंदा. गुन्हेगार जमाती कायदा रद्द होऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती, हे विसरू नये.

सगळेच लेखन या तोलाचे नाही. सुमारे पस्तीस कादंबऱ्या त्यांच्या नावावर आहेत, शिवाय कथासंग्रह, लोकनाट्ये, पोवाडे, प्रवासवर्णन वेगळे. पहिल्या कादंबरीपासून मृत्यूपर्यंत साधारण पंचवीस वर्षे धरली तर दर आठ-नऊ महिन्यांना एक कादंबरी असा हिशेब येतो. काही कादंबऱ्या घाईत उरकल्यासारख्या वाटतात, खलनायक ठोकळेबाज आहेत, योगायोग जास्त आहेत. समीक्षकांनी हे दाखवले आणि बऱ्याचदा एवढेच दाखवून विषय संपवला. घाईचे कारण मात्र कमी जणांनी सांगितले. चूल पेटायची ती प्रकाशकाकडून मिळणाऱ्या तुटपुंज्या रकमेवर. आणखी एक गोष्ट : ‘चित्रा’, ‘चंदन’, ‘वैजयंता’, ‘आवडी’, ‘रत्ना’ अशा किती तरी कादंबऱ्यांना बाईचे नाव आहे आणि या बायका अब्रूसाठी लढतात, रडत बसत नाहीत.

एकच वाचायचे असेल तर

तर ‘स्मशानातील सोने’ ही कथा वाचा. मोबाइलवर अर्ध्या तासात संपेल, डोक्यातून जायला वेळ लागेल.

भीमा हा वारणेकाठचा धिप्पाड गडी. मुंबईत येऊन वणवण केल्यावर त्याला उपनगरातल्या दगडखाणीत काम मिळते. बायको-मुलगी आहे, पगार येतो, दिवस बरे जातात. एक दिवस खाण बंद पडते. नोटीस नाही, भरपाई नाही. काम शोधत फिरताना त्याला स्मशानातल्या राखेत सोन्याचा तुकडा सापडतो आणि इथून त्याचा नवा धंदा सुरू होतो. राख चाळणे, पुढे प्रेते उकरणे. मेलेल्याच्या अंगावरचे सोने जगणाऱ्याच्या पोटात जाऊ लागते. एका रात्री प्रेतासाठी त्याची कोल्ह्यांच्या टोळीशी झुंज होते. माणूस आणि जनावर एकाच मढ्यासाठी भांडतात, हे दृश्य मराठी कथेत याआधी कुणी लिहिले नव्हते. झुंज जिंकून तो प्रेताच्या तोंडातले सोने काढायला जातो आणि बोटे जबड्यात अडकतात, ती कायमची जातात. दुसऱ्या दिवशी कळते की बंद पडलेली खाण पुन्हा सुरू होते आहे.

कथेत लेखक कुठेही भाषण देत नाही. दगड फोडणाऱ्या हाताची बोटे गेली, एवढेच तो सांगतो. प्रेसवर किंवा रोलरमध्ये बोट गेलेला माणूस बोईसरमध्ये कुणाच्या ओळखीत नाही? कंत्राट संपल्यावर सोमवारी गेटवरून परत पाठवले जाणेही नवे नाही. म्हणून ही कथा इथे वाचताना ती साठ-पासष्ट वर्षे जुनी वाटत नाही.

रशिया, सिनेमा आणि चिरागनगर

२ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन अण्णा भाऊंनी केले. पृथ्वी शेषनागाच्या मस्तकावर नसून कष्टकऱ्यांच्या तळहातावर उभी आहे, हा त्यांचा तिथला विचार आज सर्वाधिक वापरला जातो. ते मार्क्सवादी की आंबेडकरवादी, यावर अजूनही वाद होतात. वाद घालणाऱ्यांनी ‘फकिरा’ची अर्पणपत्रिका आणि स्टालिनग्राडचा पोवाडा शेजारी ठेवून पाहावेत. त्यांना स्वतःला या दोन्ही गोष्टींत भांडण दिसत नव्हते, असेच म्हणावे लागते.

१९६१ मध्ये ते सोव्हिएत रशियाला जाऊन आले. तोवर त्यांचे काही लेखन रशियन भाषेत पोहोचले होते. ‘माझा रशियाचा प्रवास’ हे त्या भेटीवरचे पुस्तक. पाटी वाचत अक्षरे शिकलेला माणूस मॉस्को-लेनिनग्राड पाहतो, तेव्हा त्याची नजर इमारतींपेक्षा रस्ता झाडणाऱ्यांवर, हॉटेलात काम करणाऱ्यांवर जास्त जाते.

सिनेमानेही त्यांच्या गोष्टी उचलल्या. ‘वैजयंता’ (१९६१), ‘फकिरा’ (१९६३), ‘टिळा लाविते मी रक्ताचा’, ‘डोंगरची मैना’, ‘मुरळी मल्हारीरायाची’ (तिन्ही १९६९), ‘वारणेचा वाघ’ (१९७०), ‘अशी ही साताऱ्याची तऱ्हा’ (१९७४). तारखा पाहिल्या की खटकते. निम्म्याहून अधिक चित्रपट त्यांच्या शेवटच्या वर्षातले किंवा मृत्यूनंतरचे आहेत. पडद्यावर त्यांच्या कथा चालत होत्या आणि लेखक घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत राहत होता. संसार विस्कटला होता, पत्नी जयवंताबाईंपासून दुरावा आला होता, दारू आणि आजारपण होते. पक्षातले जुने सोबतीही पांगले होते.

१८ जुलै १९६९ रोजी त्यांचे मुंबईत निधन झाले. एकोणपन्नास पूर्ण व्हायला दोन आठवडे उरले होते. पुढच्याच महिन्यात अमर शेख अपघातात गेले. आपल्याकडे तारापूरचा अणुऊर्जा प्रकल्प त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वीज देऊ लागला आणि बोईसरकडे कामासाठी येणाऱ्या माणसांची नवी रांग सुरू झाली ती त्याच्या आगेमागे. भीमासारख्यांची पुढची पिढी भायखळ्याऐवजी इकडे उतरू लागली होती.

मृत्यूनंतर काय झाले?

नावे भरपूर दिली गेली. मातंग समाजासाठीचे आर्थिक विकास महामंडळ त्यांच्या नावाने आहे, भायखळ्याच्या राणीच्या बागेत नाट्यगृह आहे, २००२ मध्ये टपाल तिकीट निघाले, सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोच्या परदेशी साहित्य ग्रंथालयात पुतळा उभा राहिला. भारतरत्नची मागणी दर वर्षी होते. अनुसूचित जातींच्या आरक्षणात उपवर्गीकरण व्हावे ही मातंग समाजातील अनेक संघटनांची जुनी मागणी आहे आणि त्या आंदोलनांतही अण्णा भाऊंचे छायाचित्र पुढे असते. राज्यांना असे उपवर्गीकरण करता येईल, हा सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा निकाल आला तो १ ऑगस्ट २०२४ रोजी. तारीख पुन्हा तीच.

वाचनाचे चित्र मात्र वेगळे आहे. ‘फकिरा’ सहज मिळते, तिच्या आवृत्त्या निघत राहतात. बाकीच्या अनेक कादंबऱ्या आणि विशेषतः लोकनाट्ये शोधावी लागतात. प्रयोग तर क्वचितच होतात. जो मजकूर उभ्या-उभ्या करायचा, डफावर म्हणायचा, गर्दीत हशा पिकवायचा, तो आता प्रामुख्याने प्रबंधांच्या तळटिपांत सापडतो.

मोबाइलवर वाचणाऱ्यांसाठी शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. अण्णा भाऊंच्या हयातीत प्रकाशित झालेल्या लेखनाचा हक्क त्यानुसार ३१ डिसेंबर २०२९ रोजी संपेल. १ जानेवारी २०३० पासून ते लेखन कोणालाही छापता येईल, ई-पुस्तक किंवा श्राव्य पुस्तक करता येईल, बोईसरच्या एखाद्या मंडळाला ‘शेटजीचं इलेक्शन’ विनापरवाना रंगमंचावर आणता येईल. तोपर्यंत जवळच्या सार्वजनिक वाचनालयात ‘स्मशानातील सोने’ ही कथा असलेला संग्रह मागून पाहा. कपाटात नसेल तर मागणीच्या वहीत नाव लिहून या.